आखूड दोरी

आमच्या तळेगावच्या ज्युनियर कॉलेजात मुलं फिजिक्सच्या तासाला बसत नाहीत, क्लासला पळतात. फक्त अरुंधतीबाईंच्या बादलीच्या दिवशी पटांगण भरतं. अर्धी भरलेली बादली दोरीला बांधून बाई ती उभ्या वर्तुळात गरागरा फिरवतात. खालून जाताना बादली दुप्पट जड होऊन हात ओढते. डोक्यावर उलटी होते तेव्हा मात्र, वेग पुरेसा असला तर, पाण्याचं वजन त्याला वळवण्यातच खर्ची पडतं आणि थेंबही सांडत नाही. मी मराठी शिकवते, तरी मला हे पाठ झालंय.

यंदा बाई निवृत्त होणार. वलवणहून रोज येऊन-जाऊन पार थकल्यात, त्यात उजवा खांदा आखडलेला. प्राचार्यांनी बजावलं होतं, "यंदा नीट झालं तर प्रयोग चालू ठेवू, नाहीतर पुढच्या वर्षीपासून व्हिडिओ." आपल्यामागे तेवढा प्रयोग राहावा, एवढीच बाईंची इच्छा होती.

पहिल्याच फेरीत पाणी सांडलं, तेही बाईंच्या डोक्यावर. मुलं खिदळली, मोबाइल निघाले.

"दमलात मॅडम तुम्ही," प्राचार्य अगदी गोड आवाजात म्हणाले. मला त्या गोडव्याचाच राग आला.

"हो, दमले," बाई म्हणाल्या.

स्टाफरूममध्ये केस पुसताना त्यांनी मला खरं सांगितलं. प्रयोगशाळेतल्या हिरानं दोरी हातभर आखूड बांधली होती. "अगं, दोरी आखूड झाली की हात जास्त भराभर फिरवावा लागतो. माझा हात सवयीनं जुन्याच चालीत फिरला."

मी चिडले. "मग तिथंच सांगायचं ना! लांब दोरीनं पुन्हा करून दाखवायचं!"

"प्राचार्यांनी सगळ्यांदेखत तिला झापलं असतं गं. आणि पुन्हा फिरवायला खांद्यात जीव कुठं होता?"

तेवढ्यात हिरा चहा घेऊन आली. वराळ्याची साधी बाई, डोळे भरलेले.

"बाई, लय वाईट वाटलं बगा. तुमचा खांदा दुकतो म्हनून म्याच दोरी आखूड केलती. तरी जड गेली तुमाला. पुढल्या टायमाला आनखी आखूड करते, मग न्हाई सांडायचं."

बाईंनी डाव्या हातानं कप घेतला.

"कर हं," त्या म्हणाल्या.