लोकांमागचा माणूस

मला फारसं लिहिता येत नाही. पण आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तेजलताईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

त्या मूळच्या कळवणच्या. इथे इंदिरानगरात घरीच मुलांना फ्रेंच शिकवतात. स्वभाव भित्रा. जिन्यात कुणी भेटलं तर भिंतीला चिकटून वाट देतात. एकदा मला म्हणाल्या, "काका, फ्रेंचमध्ये 'लोक म्हणतात' असं सांगायला 'ऑं' एवढासा शब्द पुरतो. लॅटिनमधल्या 'होमो'पासून आलाय. होमो म्हणजे माणूस. झिजून झिजून माणसाचं एवढंच उरलं."

मागच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता: मुलं पळवणारी टोळी आलीय, सुऱ्यांना धार लावण्याचं सोंग घेऊन. त्याच दुपारी धारवाला निसार गल्लीत आला. एका मुलीला म्हणाला, "बेटा, आईला विचार, सुरी-कात्री आहे का?" तेवढ्यावरून पंधरा-वीस जण जमले. सायकल पाडली, कॉलर धरली. कुणीतरी बॅट आणली. मी गॅलरीत होतो. खाली उतरायची हिंमत झाली नाही.

तेजलताई उतरल्या.

"कोण म्हणतं हा मुलं पळवतो?"

"लोक म्हणतायत मॅडम. तुम्ही जा, क्लास घ्या."

"लोक म्हणजे कोण माणूस? नाव सांगा."

"अख्ख्या नाशिकला माहितीये!"

"महेशभाऊ, तुम्ही पाहिलं?"

कॉलर गल्लीतल्या महेशच्याच हातात होती. "मी... ग्रुपवर आलं."

"कुणी टाकलं?"

महेशने मागे पाहिलं. मागच्याने त्याच्या मागे. त्यालाही कुणीतरी पाठवलं होतं.

"ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने पुढे यावं. मी पोलिसांना फोन केलाय. ते नावच विचारतील."

कुणी पुढे आलं नाही. कॉलर सुटली. बॅट कुठे गेली, कळलं नाही.

मी खाली आलो तेव्हा ताई पायरीवर बसल्या होत्या. "काका, त्यांनी मलाच मारलं असतं तर?"

निसार बरेच दिवस फिरकला नाही. आता येतो, पण 'धाऽऽर' ही जुनी हाक देत नाही. गल्लीच्या तोंडापासून ओरडत येतो, "निसार आलोय! सायखेड्याचा निसार!"

वरचा क्लास थांबतो. तो गल्लीबाहेर जाईपर्यंत तेजलताई खिडकीत उभ्या असतात.