एकतीस चित्रांच्या जागा

रोज सकाळी दात घासून झाले की मामा गच्चीवर जायचे, एक डोळा मिटायचे आणि हात ताठ करून अंगठा समोरच्या टेकडीवर धरायचे. टेकडीचा माथा नखाआड गेला की खाली येऊन सांगायचे, "आहे जागेवर."

चहा गाळता गाळता मामी म्हणायची, "रात्रीतून पळून जाईल असं वाटलं होतं का?"

मामा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. एकदा उन्हातून जरा टेकायला म्हणून ते संग्रहालयात शिरले आणि एका जुन्या निसर्गचित्रासमोर उभे राहून पहारेकऱ्याला म्हणाले, "हे पाण्याच्या टाकीमागून काढलंय." पहारेकरी हसला. संग्रहालयाच्या प्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. एकाच चित्रकाराची अशी एकतीस चित्रं त्यांच्याकडे होती. पाठीवर तारखा होत्या, पण कुठली जागा ते कशावरच लिहिलेलं नव्हतं.

मामांना काम मिळालं. बिनपगारी, पण पगाराच्या कामाला ते कधी इतक्या उत्साहाने गेले नव्हते.

त्यांची रीत साधी होती. झाडं वाढतात, घरं पडतात. डोंगर तेवढे हलत नाहीत. जवळच्या डोंगराची कड मागच्या डोंगराला चित्रात जिथे छेदते, तिथेच ती प्रत्यक्षात छेदताना दिसेपर्यंत चालत राहायचं. त्यावरून कुठल्या रेषेवर उभं राहायचं ते कळतं. रेषेवर किती मागे, ते मधल्या एखाद्या वस्तूच्या आकारावरून काढायचं. अकरा वर्षांत एकतीस जागा सापडल्या. बाईंनी पुस्तक करायला घेतलं. मुखपृष्ठावर पुलाचं चित्र आणि आत पहिल्या पानावर मामांचं नाव. पुलाचं चित्र जिथून काढलं त्या जागी नगरपालिकेने पाटीही लावली होती.

पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात मामा जुन्या कचेरीत सहज गप्पा मारायला गेले. टेबलावर आताच्या पुलाचा बांधणीवेळचा आराखडा पसरलेला होता, त्यात आधीच्या पुलाचीही मापं होती. पुरात पहिला पूल वाहून गेला होता, आणि ते चित्र पुराच्या आधीचं होतं. नव्या पुलाला कमानी तेवढ्याच, पाच. पण प्रत्येक कमान रुंद केलेली. मामांनी कमानी मोजल्या होत्या, रुंदी ताडून पाहिली नव्हती. जुना पूल लहान, म्हणजे चित्रकार नदीच्या बराच जवळ बसला असणार. पाटीपासून पाऊण किलोमीटर पुढे. तिथे आता बस धुतात.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

मामीने विचारलं, "अहो, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी नकाशावर नव्या जागी पेन्सिलने खूण केली.

"काका, एवढं एक बदलू या आणि पुस्तक जाऊ दे."

"एक नाही, मॅडम. जिथे जिथे मी माणसाने बांधलेल्या वस्तूवरून अंतर धरलंय, ती प्रत्येक जागा संशयात आली. आणि तशा सगळ्याच आहेत. एकतीसच्या एकतीस पुन्हा बघाव्या लागतील."

"तुमचे गुडघे?"

"ते येतील बरोबर. माझेच आहेत."

बाई हसल्या नाहीत. पुस्तक थांबलं. पाटी उतरवली तेव्हा एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात मामांचा उल्लेख 'एक हौशी गृहस्थ' असा होता. मामांनी तो कागद मामीला वाचून दाखवला आणि म्हणाले, "गृहस्थ तरी म्हणालेत."

पुन्हा पायपीट सुरू झाली. आता घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि चित्राची छापील प्रत मामी सांभाळायची. इतकी वर्षं घरात चेष्टा करणारी ती हळूहळू स्वतःच डोळा मिटून बघायला लागली. "मागचा डोंगर जरा जास्तच बाहेर आलाय. चार पावलं उजवीकडे घ्या," म्हणायची आणि तिचं बरोबर निघायचं. मामा वहीत तिच्या नावाचं आद्याक्षर घालून ती नोंद करायचे. दोन वर्षांत आणखी तीन जागा चुकीच्या निघाल्या. प्रत्येक वेळी मामांनी बाईंना स्वतः जाऊन सांगितलं.

पुस्तक आता निघालं आहे. त्यात उरलेल्या तीन चित्रांखाली 'तपासणी बाकी' असं छापलंय. मामांनीच तसं बजावून ठेवलं होतं. काम अर्धं राहिलं तर माझ्या जुन्या अंदाजावर जाऊ नका, म्हणून.

पुन्हा तपासलेली अठ्ठाविसावी जागा एका शाळेच्या मागच्या भिंतीशी होती. मामी सांगते, मामा स्टुलावर बसले, कितीतरी वेळ डोंगर बघितले, चित्र बघितलं, वहीत आकडा लिहिला. परतताना ते बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपले, आणि त्यांचा थांबा आला तरी उठले नाहीत. शाळेमागे मामीने विचारलं होतं, "काय, बरोबर का?"

वही मिटत ते म्हणाले होते, "बरोबर आहे. चल, नाहीतर बस चुकेल."