आप्पांचा पाट

मंगळवारी दुपारी माझा भाऊ माजिवड्याच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसायला गेला. संध्याकाळी त्याला खाली आणलं. तोवर तो गेला होता.

फोन निखिलचा होता, दादाच्या मुलाचा. "आत्या, बाबा बसले होते... तसेच..." कशाला बसले होते, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची वास्तुरचनेची आणि बांधकामाची फर्म आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी सुरू केली. पहिली इमारत डोंबिवलीत, तळमजला आणि वर तीन मजले. किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी आप्पा घरातला सागवानी पाट काखोटीला मारून वरच्या रिकाम्या खोलीत गेले, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि दुपारभर नुसते बसून राहिले. खालून मुकादम ओरडला, "आप्पासाहेब, स्थळ बघायला आलात काय? पोहे पाठवू का?" आप्पांनी ओ दिली नाही. रात्री जेवताना आईला म्हणाले, "घर रिकामं असतं तेव्हाच बोलतं. एकदा माणसं आली की माणसंच बोलतात." तेव्हापासून ती फर्मची रीत झाली. खाली उतरल्यावर आप्पा एकच शब्द बोलायचे, "द्या" किंवा "थांबा". कल्याणच्या एका इमारतीत "थांबा" म्हणाले, भिंत फोडली, तर आत पाइप झिरपत होता. टिटवाळ्यालाही एकदा "थांबा" म्हणाले. तिथे काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून आले आणि म्हणाले, "द्या." मी शाळेत होते. काय होतं, म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "काही नाही गं. काल तिला मी परका वाटत होतो." त्या इमारतीवरून जायचं असलं की कितीतरी वर्षं मी रस्ता ओलांडून पलीकडून जात असे.

दादा शिकून आला तेव्हा या सगळ्याला हसायचा. "आप्पा, वजनाचा हिशेब कागदावर होतो, पाटावर नाही." आप्पा गेले, पुढे फर्मचा पहिला टॉवर उभा राहिला, आणि किल्ल्यांच्या आदल्या दिवशी दादाने माळ्यावरून पाट काढला. मग इमारती वाढत गेल्या. लिफ्टमध्ये कानाला दडे बसू लागले. पाट मात्र तोच. त्याच्या खालची एक पट्टी निसटलेली होती. सरकवला की आधी घासल्याचा आवाज यायचा आणि मग टक्. मी म्हणायचे, खिळा तरी ठोकून घे. "आप्पांनी नाही ठोकला," एवढंच तो म्हणायचा.

एकदा त्याने मला बरोबर नेलं. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. "तुला गप्प बसायचा पगार मिळतो," तो चिडवायचा, "आज फुकट बस." मी दाराशी बसले होते. एरवी सतत बोलणारा माझा भाऊ त्या खोलीत मला ओळखू येईना. काचेतून ऊन लादीवर आलं, हळूहळू त्याच्या पायाशी पोचलं, आणि त्याने पाट सावलीत ओढला. घासल्याचा आवाज, टक्. ऊन पुन्हा आलं, तो पुन्हा सरकला. परतताना म्हणाला, "इमारत बरी वाटली की मी असा सावलीसावलीने सरकतो. नाही वाटली तर ऊन अंगावर आलेलंही कळत नाही बघ. भाजत बसतो."

हे फक्त मला ठाऊक होतं. म्हणून तेराव्यानंतर निखिल आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "पाट कुठे होता रे? उन्हात की सावलीत?"

"आत्या, घाईत कुणी बघितलं? बाबांना उचललं नि पळालो..." तो डोकं धरून बसला. इमारतीचे सगळे अहवाल ठीक होते, राहायला देण्याची परवानगी हातात होती. लोकांनी सामान बांधून ठेवलं होतं, काहींचे गृहप्रवेशाचे मुहूर्त टळून गेले होते. "रोज फोन येतात. मी काय सांगू? बाबा काय म्हणणार होते तेच कळलं नाही. थांबा म्हणणार असतील तर? त्या घरांत पोरंबाळं राहणार आहेत गं." मग खाली बघत म्हणाला, "तू बस ना. तुला गप्प बसता येतं."

मी गेले. पाट अजून वरच होता, कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवलेला. निखिल खाली थांबला. मी दार लावलं आणि बाहेरच्या खोलीच्या मधोमध पाटावर बसले. हमरस्ता इतका खाली होता की गाड्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. खाडीकडचा वारा काचेवर येत होता. बाकी काही नाही. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. ऊन लादीवर उतरलं आणि माझ्याकडे येऊ लागलं. मी हलले नाही. ते पावलांवर आलं, चटका बसला, तरी मला हलावंसं वाटेना. दादाही असाच भाजत बसला असेल का? "थांबा" हा शब्द ओठांवर आला.

तेव्हा आतल्या खोलीत, जिथे सावली होती, पाट सरकल्याचा आवाज आला. आधी घासल्याचा, मग टक्.

मी हात खाली नेला. पाट माझ्याखाली होता.

थोड्या वेळाने ऊन पुढे गेलं, आणि आतला आवाजही थोडा पुढे गेला. मी आत जाऊन पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. मला तेव्हा फक्त एवढं कळलं की आत जो कुणी होता तो भाजत बसलेला नव्हता.

खाली आले. निखिल माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. "द्या," मी म्हणाले. तो तिथेच वाळूच्या ढिगावर बसून रडला.

त्या इमारतीत आता पडदे लागले आहेत, वरच्या मजल्यावरसुद्धा. पाट माझ्या खोलीत आहे. सकाळी मी तो खिडकीसमोर, दुपारी ऊन येतं तिथे ठेवते. दुपारी वाचता वाचता मान वर करते, तेव्हा तो सावलीत असतो.