फ्रिज असलेलं घर

रावपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या आता संस्थेकडे नाहीत. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, त्याच्या बाजूनं अरुंद लाकडी जिना वर जायचा, आणि वर पोचलं की कोऱ्या कागदांचा आणि रस्त्यावरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उकळणाऱ्या सेव-उसळीचा एकत्र वास यायचा. अजूनही त्या रस्त्यानं जाताना माझी मान आपोआप वर जाते. आता तिथे कोणाचं तरी कोचिंगचं बोर्ड आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. युनिव्हर्सिटीत समाजकार्याचा अभ्यास नुकताच संपला होता, आणि माणसांच्या अडचणी ओळखायला आपण शिकलो आहोत असं मला मनापासून वाटत होतं.

संस्था लहानच होती. शहरातल्या काही मराठी आणि गुजराती कुटुंबांनी मिळून चालवलेली. ज्या घरातला कमावता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, त्या घरातल्या मुलांची फी, वह्या, गणवेश आणि अगदीच नड असेल तर काही महिन्यांचं धान्य, एवढं संस्था बघायची. संध्याकाळी आतल्या खोलीत अभ्यासिका चालायची. सगळा कारभार एका निवृत्त शिक्षिकेकडे होता. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. बाई रिक्षावाल्याशी अस्सल गुजरातीत वाद घालायच्या आणि वर येऊन आमचं मराठी सुधारायच्या. मी "बाई, चहा मूकू का?" असं विचारलं, की त्या वहीतून डोकं वर न काढता म्हणायच्या, "मूकू नको. ठेव."

माझं काम घरभेटींचं. अर्ज आला की त्या घरी जायचं, छापील फॉर्म भरायचा. घरात माणसं किती, घर भाड्याचं का, वस्तू कोणकोणत्या. पंखा, टीव्ही, फ्रिज, दुचाकी यांच्यापुढे चौकोन होते, त्यात खूण करायची. शेवटी 'भेट देणाऱ्याचं मत' म्हणून चार ओळी. दर मंगळवारी समितीची बैठक व्हायची आणि त्या चार ओळींवर बरंच काही ठरायचं.

मे महिन्यातली एक दुपार होती. विश्वामित्रीच्या काठच्या वस्तीत मला नऊ घरं करायची होती आणि हे सातवं होतं. खानदेशातून आलेलं कुटुंब. वडील ट्रकवर माल चढवताना पडले होते, कंबर गेली होती. आई खंडेराव मार्केटच्या बाहेर लिंबं आणि कोथिंबीर विकायची. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला सायन्सला जायचं होतं; इथे अकरावी-बारावी शाळेतच असते. दार तिनंच उघडलं.

"या ना ताई, बेसो. पाणी आणते."

"नको गं, घाईत आहे," मी उंबऱ्यातूनच म्हणाले. स्कूटर उन्हात तापत होती. तिच्या खांद्यामागे, कोपऱ्यात, विटांवर ठेवलेला मोठा पांढरा फ्रिज दिसला. मी चौकोनात खूण केली. आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि निघाले. शेवटच्या ओळींत लिहिलं: 'परिस्थिती बरी आहे. घरात मोठा फ्रिज आहे. तातडीची गरज वाटत नाही.'

अर्ज नेहमीच जास्त असायचे. कुठला तरी बाजूला ठेवायला कारण लागायचं, ते मी दिलं होतं. मंगळवारी तो अर्ज बाजूला गेला आणि मी तो विसरूनही गेले.

त्यानंतर आमच्याकडे गणपतीची तयारी सुरू झाली. आईनं दिलेली यादी घेऊन सकाळी दहाच्या सुमारास मी खंडेराव मार्केटला गेले. दुर्वा, केवडा, पत्री घेतली, लिंबं राहिली होती. बाहेर पोत्यावर लिंबांचे वाटे लावून बसलेल्या मुलीसमोर वाकले, तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या घरी आला होता."

मला क्षणभर आठवेना. तिनं आठवण करून दिली. सांगताना तिचे हात लिंबं पुसतच होते.

"आज शाळा नाही?" मी विचारलं.

"शाळेत नाव नाही घातलं. संस्थेची चिठ्ठी आली, या वर्षी जमणार नाही म्हणून. मग आईबरोबर बसते इथे."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "पण तुमच्याकडे तर फ्रिज आहे."

तिनं हातातलं लिंबू खाली ठेवलं. मग तिला हसू आलं. "तो चालू नाही, ताई. ते आमचं कपाट आहे."

लिंबं न घेताच मी निघाले. घरी पत्री ठेवली आणि तशीच रावपुऱ्याला गेले. बाई एकट्याच होत्या, दोऱ्यानं फाइली बांधत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्या घरी बसली होतीस?"

"नाही."

"पाणी घेतलंस?"

"नाही, बाई."

त्यांनी फाइल बाजूला ठेवली, छत्री उचलली आणि म्हणाल्या, "चल."

त्या दिवशी आम्ही त्या घरात तासभर होतो. मुलगी दुपारच्या स्वयंपाकाला घरी आली होती. बाई सरळ जमिनीवर बसल्या. पाणी प्यायल्या, चहाही घेतला. पहिला अर्धा तास त्यांनी अर्जाचा विषयच काढला नाही. वडिलांच्या गावाकडच्या केळीच्या बागांबद्दल बोलल्या. ते पडल्या पडल्या बोलत होते, बोलता बोलता कोपरावर उठून बसले. तेवढ्यात आई मार्केटमधून आली. ती मला ओळखत नव्हती. तिनं पदरानं घाम पुसला आणि बाईंना फ्रिज उघडून दाखवला. ती पूर्वी भांडी घासायला जायची त्या घरच्यांनी नवा घेतला तेव्हा हा भंगारात जाणार होता. तिनं हातगाडीवर घालून घरी आणला.

"पुराचं पाणी येतं ना बाई, इथपर्यंत," तिनं भिंतीवरचा डाग दाखवला. "पेटीत सगळं भिजतं. ह्याचं रबर घट्ट आहे. वर काय ठेवलं ते कोरडं राहतं."

सगळ्यात वरच्या कप्प्यात रेशन कार्ड, वडिलांचे दवाखान्याचे कागद आणि मुलीची दहावीची मार्कशीट होती. मार्कशीट दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती. खाली तिची पुस्तकं, नीट कव्हर घातलेली. ती पुस्तकं अकरावीची होती. कोणाकडून तरी जुनी मिळवून तिनं आधीच आणून ठेवली होती.

मी मुलीला म्हणाले, "चूक माझी झाली. मी नीट बघितलंच नाही." तिनं मान हलवली. मग फ्रिजचं दार लावलं.

मंगळवारच्या बैठकीत बाईंनी मला उभं केलं. "हिला काही सांगायचं आहे," एवढंच म्हणाल्या. सात-आठ मोठी माणसं, आणि मी. मी सगळं सांगितलं. एक काका म्हणाले, "जे झालं ते झालं. पण आता सत्र अर्धं होत आलं. कोणती शाळा घेणार?" ते खरंच होतं. बाई दोन शाळांत स्वतः जाऊन आल्या. दोन्हीकडे जागा भरल्या होत्या. शेवटी ठरलं, की पुढच्या जूनमध्ये तिचं नाव घालायचं, फी संस्थेनं भरायची, आणि तोवर तिनं रोज संध्याकाळी अभ्यासिकेत यायचं. तिला विज्ञान शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. मी स्वतः बारावीनंतर विज्ञान सोडलेलं, त्यामुळे आदल्या दिवशी मी अभ्यास करायचे आणि दुसऱ्या दिवशी तिला शिकवायचे. कधी मी अडले की ती शांतपणे पान उलटून म्हणायची, "ताई, हे इथे दिलंय."

त्या संध्याकाळी मला अजून हव्याहव्याशा वाटतात. खालून स्कूटरचे हॉर्न, आत मुलांची गुणगुण, आणि बाईंचं मधूनच "हळू!" साडेसातला सगळ्यांना मूठभर लीलो चिवडा, म्हणजे इथला बटाट्याचा ओलसर चिवडा, मिळायचा. ती आपला अर्धा कागदात बांधून वडिलांसाठी न्यायची. बाईंनी एकदा ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या मुठीत जरा जास्त पडायला लागला. दोघींनीही कधी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

फॉर्म बदलावा असं मी सुचवलं, वस्तूंची यादीच काढून टाकावी. बाई नाही म्हणाल्या. "यादी राहू दे. तू बसत जा."

पुढच्या वर्षी ती शाळेत गेली. बारावीला मार्क चांगले पडले, डॉक्टरकीला पुरतील इतके नव्हते. मला वाईट वाटलं, तिला फारसं नाही. तिनं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, एका दवाखान्यात लागली. पहिल्या वर्षभरात तिनं वडिलांना आणि आईला त्या काठावरून हलवलं आणि उंचावरच्या सोसायटीत भाड्यानं घर घेतलं. आईनं मार्केट मात्र सोडलं नाही, घरी करमत नाही म्हणाली. संस्थेची जागा दुकानमालकानं परत मागितली, तेव्हा सामान हलवायला मुलगी सुट्टी काढून आली होती. बाई त्या आधीच्या हिवाळ्यात गेल्या. नव्या जागेत लिफ्ट आहे, फॉर्म टॅबलेटवर भरतात, आणि नव्या मुलींना घरभेटी शिकवायचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या दिवाळीत ती सुभानपुऱ्यात माझ्याकडे आली होती, आपल्या लेकीला घेऊन. लेक आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चकल्या डब्यात भरत होतो. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं.

"तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं. तुला राग आला होता का गं?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "आला होता ना. खूप. मैत्रिणी शाळेच्या ड्रेसमध्ये मार्केटवरून जायच्या, तेव्हा मी पोत्याकडे बघत बसायचे." मग म्हणाली, "अभ्यासिकेत पहिले दोन-तीन महिने मी तुमच्याशी पुस्तकाबाहेरचं एक अक्षर बोलले नव्हते. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," मी म्हणाले. "मला वाटलं, तू अबोल आहेस."

"मी?" ती इतकी मोठ्यानं हसली, की आतून तिची लेक काय झालं ते बघायला धावत आली.