छेदातलं शून्य

दहावीच्या गणिताच्या पेपरला मी विकास नगरहून शेअर टेंपोने निघाले होते. बाबांची लखनौला बदली झाल्यापासून मी दोन्ही चाचण्यांत नापास झाले होते. मांडीवरच्या वहीत छेदात एक्स असलेलं समीकरण होतं. माझं उत्तर दरवेळी दोन यायचं. पुस्तकात लिहिलं होतं, उत्तर नाही.

शेजारच्या बाईंनी दवाखान्याची फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. वहीत डोकावून त्या म्हणाल्या, "बेटा, दो रखकर देखो. नीचे क्या बचता है?"

मी दोन घालून पाहिलं. छेदात शून्य आलं.

"बस, इसीलिए जवाब नहीं है. पहले नीचे देखा करो." फाइलवरचा एक हात काढून त्यांनी छेदावर बोट ठेवलं.

"आंटी, आप टीचर हैं?"

"थी. डर लग रहा है ना? मुझे भी. आज रिपोर्ट मिलेगी."

दवाखान्यापाशी त्या उतरल्या आणि फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. सोबत उतरावंसं मला वाटलं, पण पेपर चुकेल म्हणून मी बसून राहिले. टेंपो वळेपर्यंत मी मागे बघत होते. त्या तिथेच उभ्या होत्या.