मिनिटाला दोनशे गॅलन

मी इंजिनिअर रेजिमेंटचा हवालदार, गाव राजूर. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत पोस्टिंग झाली तेव्हा आग विझवायचा पंप आणि पाण्याचा बाउझर, म्हणजे टँकर, माझ्याकडे होता. होजची नळी धरायचा लान्स नाईक दिगंबर, जांब समर्थचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून आम्ही रेडिओवरही घरचंच बोलायचो आणि सुभेदारसाहेबांच्या शिव्या खायचो.

रोज सकाळी ०६०० वाजता रिकामा बाउझर भरायचा. त्याचा पातळीचा काटा मोडला होता, म्हणून मी घड्याळ लावून भरायचो. तिथला भरण्याचा पंप अमेरिकन. डायलवर मिनिटाला दोनशे गॅलन. दहा मिनिटांत दोन हजार. गॅलन म्हणजे साडेचार लिटर, हे भरती झाल्यापासून घोकलेलं. आमच्या ट्रेनिंगचे जुने पंप ब्रिटिश मापाचे होते. मी फळ्यावर खडूने लिहायचो: नऊ हजार लिटर.

अमेरिकन गॅलन लहान असतो, पावणेचार लिटरच्या किंचित वर. मला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. हिशेबात मी पक्का, असा माझा तोरा होता.

त्या दिवशी १४१० वाजता स्टोअर शेडला आग लागली. आत दोन कामगार. आमच्या दोन होज मिळून मिनिटाला नऊशे लिटर पाणी घेत. नऊ हजार भागिले नऊशे. दहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला दिगंबरने एकाला ओढून बाहेर काढलं आणि पुन्हा आत शिरला. सातव्या मिनिटाला रेडिओ वाजला.

"उस्ताद, पाणी किती?"

"तीन मिनिटं."

"बराबर बघितलं ना? दुसरा दिसून राह्यला, पण लई आत हाये."

"बिलकुल. जा तू."

आठ मिनिटं चोवीस सेकंदांनी होज लुळी पडली.

"दिगू, पाणी संपलं. बाहेर ये."

"तीन मिनिटं म्हणल्ते ना तुम्ही?"

मग छप्पर खाली आलं. दोघेही आतच राहिले.

चौकशीत लिहिलं गेलं की पाणी किती उरलं याचा अंदाज आला नाही. कोणाला, ते लिहिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी मी त्याच पंपाखाली दोनशे लिटरचा ड्रम लावला. तेरा सेकंदांत भरायला हवा होता, सोळा लागले. मी पुन्हा लावला. पुन्हा सोळा. कळलं, आणि मी गप्प बसलो. भित्रेपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

आता जालना एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये फायर पंप बघतो. कंपनीची प्लेट काही म्हणो, मी प्रत्येक पंपाखाली ड्रम लावतो. घरी मोटर चालू असली की मला बसवत नाही. दहा मिनिटांत चार वेळा गच्चीवर जाऊन येतो. बायको म्हणते, "टाकीजवळच खाट टाकू का तुमची?" हसतो, आणि पाचव्यांदा जातो.

गेल्या महिन्यात शेवटी जांबला गेलो. दिगंबरची बायको सुनीता ओसरीवर शेंगा निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गॅलन, फळा, ड्रम.

तिने विचारलं, "सात मिनिटाला तुमी ये म्हणलं असतं, तर बाहेर यायला किती लागलं असतं?"

"चाळीस सेकंद."

तिचे हात थांबले. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"गावात समदे म्हणले, त्येनला घड्याळाचं भान न्हाई राह्यलं," ती म्हणाली. "मी बी तेच धरून बसले. इतकी वर्षं त्येनलाच बोल लावून राह्यले."

मला तिच्याकडे बघवेना. ती उठली, आत गेली आणि सासऱ्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"आता हे यांना सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी ताठ उभा राहिलो आणि सांगायला लागलो. लान्स नाईक दिगंबरने सातव्या मिनिटाला मला पाणी विचारलं होतं.