मोठ्या बाबांच्या बोटाखाली न वाजणारी बेल

आधीच सांगते, मी असलं काही मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, भूत नाही, लिंबू-मिरची नाही. मी अक्षरं शिकले तीच बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, छापून आणायचे त्या पत्रकांवरून. ‘आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्यांचा निषेध!’ हे वाक्य मोठ्या बाबांचं. शाळेत असताना मी ते पत्रक चौकात उभं राहून वाटलंय.

तर हा अनुभव त्यांचाच.

रिटायर झाल्यावर त्यांनी नागपुरातच, बेसाला फ्लॅट घेतला, आणि खालच्या मजल्यावर भाड्याने द्यायला आणखी एक. दारावर पाटी नुसती ‘वसंतराव’. आडनाव काहून नाही विचारलं, तर म्हणाले, पाटी लहान होती...

उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी तिथे जेवायला गेले होते. बेल वाजली. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागलेली एक मुलगी, करुणा, फ्लॅट बघायला आली होती. तिनं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव आमचंच! खूश होऊन म्हणाली, “म्हणजे आपण एकाच समाजाचे ना, काका?”

समोरच्या शेजाऱ्यांचं दार उघडं होतं. मोठे बाबा म्हणाले, “फ्लॅट कालच गेला, बाई.”

साफ खोटं! मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.

त्याच संध्याकाळी ते दूध घेऊन आले आणि बेल वाजली नाही. मी दाबली, वाजली. त्यांनी दाबली, नाही. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला. मोठी आई म्हणाली, “सेल बदलला, बटन बदललं, आता काय नवरा बदलू वं?”

आम्ही हसलो. पण मग शेजाऱ्यांकडे, आमच्या इंदोऱ्याच्या घरी, सगळीकडे तेच. लिफ्टचं बटण चालतं, टीव्हीचा रिमोट चालतो, दारावरची बेल तेवढी नाही. मी तपासायचं ते सगळं तपासलं. पेनानं दाबायला लावली. त्यांच्या बोटाखाली माझं बोट ठेवून दाबायला लावली — नाही! त्यांनी हात काढला, मी तेवढाच दाब दिला — टिंगटाँग.

शेवटी मी विचारलंच, “त्या मुलीले खोटं काहून सांगितलं?”

“तुले काय समजते वं?” ते आंबा कापत होते. “आडनाव सांगितलं की समोरच्याचं तोंड बदलताना जिंदगीभर पाहिलं मी. इथं कोणी विचारलं नाही. सकाळी लोकं सोबत फिरायले येतात. ती राहायले आली असती तर दोन दिवसांत सगळ्यांले समजलं असतं.”

“मग समजू द्या ना!”

“हो, तू वाट पत्रकं.”

इतका राग आला, आणि तो ठेवायचा कुठे तेच कळेना. आमच्या पत्रकांत शत्रू कायम पलीकडच्या बाजूला असायचा. इथे तो माझ्यासाठी आंब्याच्या फोडी करत होता.

फ्लॅट रिकामाच होता. येण्याआधी करुणानं मोठ्या बाबांना फोन केला होता; त्यांच्या मोबाइलमधून तो नंबर घेऊन मी तिला फोन केला. तिला महिनाअखेर मनीषनगरची खोली सोडायची होती, दुसरी मिळत नव्हती. पंधरा दिवस मी मोठ्या बाबांच्या मागे लागले — तिला खरं सांगा, किल्ली द्या. एका शनिवारी ते निघाले. किल्ली खिशात, मी सोबत.

मनीषनगर, तिसरा मजला. दारावर चिकटवलेल्या कागदावर करुणाचं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. आत कुकरची शिट्टी झाली, ती कुणाशी तरी फोनवर हसत होती. मोठ्या बाबांनी बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मी हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं.

“राहू दे.”

“मग ठोका ना दार, मोठे बाबा!”

ते त्या कागदाकडे बघत राहिले... आणि जिना उतरून गेले. मी ठोकून काय सांगणार होते? फ्लॅट माझा नव्हता, किल्लीही नाही.

फ्लॅट अजून रिकामा आहे. करुणा नोकरी सोडून गावी गेली. मोठे बाबा आता स्वतःच्या दाराबाहेरून मोठ्या आईला मिस्ड कॉल देतात.

बेल का वाजत नाही, मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा. पण ते दार साधं लाकडाचं होतं, आणि मोठ्या बाबांचा हात चांगला धडधाकट होता. त्याचं उत्तर मी कुणाला विचारू?